उघड्या विटांच्या भिंतीला पॉलिश मारण्याआधी

दिवाळी सरून हवा कोरडी व्हायला लागली की विटांच्या भिंतींची दुरुस्ती करणाऱ्या आमच्याकडे येणारे बरेचसे फोन एकाच तक्रारीचे असतात. "मे महिन्यात भिंतीला पॉलिश मारून घेतलं, पावसाळाभर छान दिसली, आणि आता आतून पांढरं फुटतंय, विटांचे पापुद्रे निघताहेत." पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "अजून एक हात मारला तर थांबेल का?" थांबणार नाही, वाढेल. का, ते फोनवर घाईत नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. गिलावा न करता विटा उघड्या ठेवलेले बंगले असोत किंवा चुन्यातल्या जुन्या भिंती, दोन्हींना ते लागू पडतं.

पांढरं फुटतं ते काय

तो लोणा. विटेच्या मातीत, सिमेंटमध्ये, बांधकामाला वापरलेल्या बोअरच्या पाण्यात थोडेफार क्षार असतातच. पावसाचं पाणी भिंतीत मुरलं की ते विरघळतात. पुढे ऊन लागून ओल बाहेर पडते, पाणी उडून जातं आणि क्षार विटेच्या तोंडावर राहतात. वीट पाणी पिते हा तिचा दोष नाही. आयएस १०७७ या भारतीय मानकानुसार साध्या विटेने चोवीस तासांत आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलं तरी ती चालते. म्हणजे ३ किलोची वीट ६०० मिलीलिटर पाणी पिऊनही पास होते. पाणी आत जाणारच आहे. बघायचं ते एवढंच, की त्याला बाहेर यायची वाट आहे की नाही.

वाट मोकळी असेल तर लोणा दिसायला वाईट, पण भिंतीला फारसा धोका नाही. नव्या घरात पहिल्या काही हिवाळ्यांत तो सहसा आपोआप कमी होत जातो. कोरड्या ब्रशने झाडा आणि पडलेली पूड उचलून टाका. पाइप लावून धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. संडास-बाथरूमचं अॅसिड तर अजिबात नको. ते सांध्यातला चुना आणि सिमेंट खातं, आणि वर स्वतःचे नवे क्षार भिंतीत सोडून जातं.

महागात पडणारी एकच चूक

ती म्हणजे ओलसर भिंतीवर चकाकीचा थर. व्हार्निश, चमकदार सीलर, ऑइल पेंट, नाव काहीही असो, ज्याची वर पातळ कातडी धरते ते सगळं यात आलं. समोरून पाणी अडतं, हे खरं. पण भिंतीला पाणी फक्त समोरून मिळत नाही. वरच्या पॅरापेटमधून, खिडकीच्या पाटाखालून, जोत्याच्या मातीतून, बाथरूमच्या बाजूने ते येतच राहतं. बाहेर पडताना थराशी अडतं आणि क्षार विटेच्या तोंडावर न येता अर्धा-एक सेंटिमीटर आतच जमतात. सोडियम सल्फेटसारखा क्षार पाणी धरताना चौपटीच्या आसपास फुगतो. त्या दाबाने विटेचा पुढचा पापुद्रा सुटतो. बोटाने दाबलं तर करकरतो, आणि मागे लाल भुसा दिसतो. भट्टीत भाजताना विटेच्या बाहेरच्या अंगाला आलेली कडक साल एकदा गेली की पुन्हा लावता येत नाही. वीट बदलावीच लागते.

अशा भिंतीवर आमचं दुरुस्तीचं मूळ काम थोडक्यात होतं. वेळ खातं ते थर काढणं. थर सैल करणारं जेल लावायचं, थांबायचं, हाताने खरवडायचं, पुन्हा लावायचं, आणि मग भिंत सुकेपर्यंत वाट बघायची. वाळूच्या फवाऱ्याने हेच काम झटपट करून देतो म्हणणारे भेटतात. त्या फवाऱ्याने थराबरोबर विटेची सालही जाते. म्हणून आम्ही ते मशीन वापरत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

घरच्या घरी दोन तपासण्या करता येतात. भिंतीवर चमचाभर पाणी उडवा. मुरलं तर वीट मोकळी आहे, ओघळून गेलं तर आधीचा थर शिल्लक आहे. मग फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंतीतून ओल बाहेर येते आहे, तिच्यावर कुठलाही हात मारू नका.

पश्चिम-दक्षिणेच्या भिंतींवर आपल्याकडे पावसाचा मारा जास्त. तिथे संरक्षण हवं असेल तर सिलेन-सिलॉक्सेन जातीचं द्रव्य वापरतो. ते विटेच्या छिद्रांत मुरतं, वर कातडी धरत नाही, त्यामुळे वाफ बाहेर पडू शकते. त्याने चमक येत नाही, हे आधीच सांगतो. आणि भिंत कोरडी, दरजा (विटांमधले मालाने भरलेले सांधे) पक्क्या आणि लोणा थांबलेला असेल तरच ते लावतो.

दरजा

पाणी बहुतेक वेळा विटेपेक्षा दरजेतून जास्त शिरतं. जुनी दरज भुसभुशीत झाली की छिन्नी-हातोडीने, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडावी लागते, म्हणजे १० मिलीमीटरच्या सांध्याला २० मिलीमीटर. ग्राइंडर उभ्या सांध्यांत हमखास विटांच्या कडा कापतो, म्हणून तिथे तो चालवत नाही. वरवर थापून दिलेली दरज स्वस्त पडते आणि एक-दोन पावसाळ्यांत पोपडा होऊन खाली येते.

माल कुठला, यावर आमचं मत पक्कं आहे. चुन्यातल्या भिंतीला चुना आणि सुरखी (विटेची पूड), सिमेंटच्या काळातल्या घराला १ सिमेंट, १ चुना, ६ वाळू. "निव्वळ सिमेंटने मजबूत करा" असं सांगितलं जातं, पण दरज विटेपेक्षा कडक झाली की ओल दरज सोडून विटेतून बाहेर पडते आणि झीज विटेची होते. दरज पुन्हा भरता येते, वीट नाही. उठावाच्या, पुढे आलेल्या दरजा फोटोत ठसठशीत दिसतात, पण त्यांच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं. आम्ही दरज विटेच्या तोंडाबरोबर किंवा किंचित आत, वरून खाली उतरती ठेवतो.

घराला नवं रूप देताना

एसीचा पाइप, दिवा, ग्रिल यांसाठी भोक पाडायचं तर सांध्यात पाडा, विटेत नको. एसीचं पाणी भिंतीवर सोडू नका. नवी खिडकी काढली की निघालेल्या विटा टाकू नका, जपून रचून ठेवा. पुढे दुरुस्तीला त्याच रंगाची वीट बाजारात मिळत नाही. नव्या विटा आणल्या तर दोन-तीन थप्प्यांतून मिसळून लावाव्यात, नाहीतर भिंतीवर ठिगळ दिसतं.

वाफ्याची माती जोत्याच्या ओलरोधक थराच्या किमान १५ सेंटिमीटर खाली हवी. कुंड्या भिंतीला टेकवू नका. दरजेत पिंपळ उगवला तर उपटू नका, मूळ आत तुटून पुन्हा फुटतं. कापून ठेवा, मुळाचं आम्ही बघतो.

आमची पद्धत

फोनवर दर सांगत नाही, कारण जुना थर आणि सांध्यांची खोली पाहिल्याशिवाय दिलेला आकडा नंतर बदलतो आणि वाद होतात. पाहणीनंतर एक चौरस मीटरचा नमुना करून देतो. तो पूर्ण सुकल्यावर रंग पसंत पडला तरच परांची बांधतो. त्यात थोडे दिवस जातात, पण सबंध भिंत झाल्यावर नापसंती कळण्यापेक्षा ते बरं. दरजेचं काम दसऱ्यानंतर सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबतं. चुन्याचा माल आधी भिजवून मुरवावा लागतो, म्हणून जुन्या भिंतींचं गणपतीआधी कळवलंत तर हंगामाच्या सुरुवातीचे दिवस राखून ठेवता येतात. कळवताना चारही बाजूंचे फोटो, घर कोणत्या साली बांधलं ते, आणि आजवर भिंतीला काय काय लावलं त्याची माहिती पाठवा. उरलेला डबा असेल तर त्याच्या लेबलचाही फोटो द्या.