अपडेट झालं, पण चालू आहे ते जुनंच

विंडोजवरून लिनक्सवर आलेल्याला एका गोष्टीचं हमखास नवल वाटतं: प्रोग्राम चालू असताना त्याच्याच फाइली बदलल्या जातात आणि त्याला पत्ताही लागत नाही.

याचं कारण असं, की लिनक्समध्ये फाइलचं नाव म्हणजे नुसती दारावरची पाटी. खरी फाइल 'आयनोड' या क्रमांकित नोंदीपाशी असते. डेबियन-उबंटू या लिनक्सच्या प्रकारांमधलं पॅकेजं (म्हणजे प्रोग्रामच्या फाइलींचे गठ्ठे) बसवणारं डीपीकेजी नवी फाइल आधी वेगळ्या नावाने शेजारी उतरवतं आणि मग एका झटक्यात पाटी तिच्यावर लावतं. जुन्या घरातलं बिऱ्हाड मात्र हलत नाही. ज्या प्रोग्रामने जुनी फाइल उघडलेली आहे, त्याला तो बंद होईपर्यंत तीच मिळत राहते.

सोय झकास आहे, पण फसगतही इथेच होते. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधली (इंटरनेटवरचा मजकूर सांकेतिक करणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) 'हार्टब्लीड' ही चूक जाहीर झाली. एका खोट्या विनंतीवर सर्व्हर आपल्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर देऊन टाकायचा. त्यात कधी पासवर्ड, कधी गुप्त किल्ल्या. डेबियनने दुरुस्त पॅकेज लगेच दिलं. 'अ‍ॅप्ट-गेट अपडेट' आणि मग 'अपग्रेड' या आज्ञा चालवल्या की झालं, असं वाटायचं. (नुसत्या 'अपडेट'ने फक्त यादी ताजी होते, बसत काहीच नाही, नवखे इथेच फसतात.) डिस्कवर नवी लायब्ररी आली, पण वेब सर्व्हरच्या मेमरीत जुनीच होती. तो रीस्टार्ट होईपर्यंत भोक उघडंच!

आणखी एक गोंधळ आकड्यांचा. ओपनएसएसएलने दुरुस्ती १.०.१जी मध्ये दिली, तर डेबियनच्या स्थिर शाखेत आकडा १.०.१ई वरच थांबला, फक्त शेपटाला 'डेब७यू५' लागलं. स्थिर शाखेत सहसा नवी आवृत्ती आणत नाहीत, जुन्यालाच ठिगळ लावतात. म्हणून आकडा पाहून धसका घेण्याआधी शेपूट वाचावं.

फायरफॉक्स निदान बोलतो तरी: पोटातल्या फाइली बदलल्याचं कळलं की नवा टॅब उघडायला नकार देऊन रीस्टार्ट मागतो. सर्व्हर गप्प बसतात. त्यांच्यासाठी 'नीडरीस्टार्ट' हे छोटं साधन आहे; कोणती सेवा अजून जुन्या लायब्ररीवर चालली आहे ते ते सांगतं. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट असेल तर मात्र बहुतेक वेळा मशीनच रीबूट करावं लागतं.