एआयची नैतिक तत्त्वं आली कुठून? सोलापुरातून बघताना

सध्या आपल्याकडं कुठंही जा, पतसंस्था असो, हॉस्पिटल असो नाहीतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं गारमेंट युनिट, एआय वापरायचं ठरलं की एक पीपीटी येतोच आणि त्यात ठरलेले शब्द असतात, पारदर्शकता, निष्पक्षता, जबाबदारी, प्रायव्हसी, माणसाची देखरेख. सगळे माना डोलावतात, चहा येतो, विषय संपला. पण ह्यातला एकेक शब्द कुणाचं तरी वाटोळं झाल्यावर यादीत आलाय, आणि ते वाटोळं माहीत नसेल तर यादी पाठ करून काय उपयोग.

सुरुवात कॉम्प्युटरच्या आधीपासून करू, कारण आपल्या गावातच एक उदाहरण आहे. रिक्षावाल्याला आपण सहज "सेटलमेंटला सोड" म्हणतो, ते नाव इंग्रजांच्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टमुळं पडलेलं, त्या कायद्याखाली काही जमातींना डांबून ठेवलेली वसाहत म्हणजे सेटलमेंट. कायदा मूळ 1871 चा, 1911 च्या नव्या कायद्यानंतर आपल्या भागातही आला. अमुक जमातीत जन्मलास म्हणजे तू गुन्हेगार असणारच, मग रजिस्टरात नाव, बोटांचे ठसे, हजेरी. तू स्वतः काय केलंस हे कुणी विचारायचंच नाही. 31 ऑगस्ट 1952 ला ह्या लोकांना त्यातून मोकळं केलं, तरी शिक्का पुढं कित्येक वर्षं पुसला नाही. आज एखादं सॉफ्टवेअर पिनकोड आणि आडनाव बघून "हाय रिस्क" म्हणतं तेव्हा मला हेच आठवतं, फरक इतकाच की तेव्हा रजिस्टर दिसायचं तरी.

दुसरं उदाहरण विड्यांचं. बायकांनी घरी पान, तंबाखू आणून विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, आणि तिथला चेकर हातात घेऊन बघणार, ही सैल, ही जाड, बाद. बाद म्हणजे मजुरी कापली. एका माणसाच्या नजरेवर बाईचा दिवस जायचा. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यात म्हणून कलम 39 आलं, की कच्चा माल किती दिला, विडी बाद का केली, बाद विडीची मजुरी मिळणार का ह्यावरून वाद झाला तर तो सरकारनं ठरवलेल्या अधिकाऱ्याकडं मिटवायचा, आणि त्याचा निकाल पटला नाही तर वर अपील. "निर्णयाला आव्हान देता आलं पाहिजे" असं आता इंग्रजी गाइडलाइन्समधे लिहितात, ते आपल्याकडं विडीसाठी तेव्हाच लिहून झालं होतं (पाळलं किती गेलं हा वेगळा विषय, त्यावर कामगार चळवळीतल्या बायकाच बोलू शकतील).

योगायोग म्हणजे त्याच 1966 मधे अमेरिकेत एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉमनं एलिझा नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला. तुम्ही टाइप केलेलं वाक्य उलटसुलट करून तो प्रश्न म्हणून परत विचारायचा, बाकी काही नाही. तरी त्याची स्वतःची सेक्रेटरी, जिनं त्याला महिनोन्महिने ह्यावर काम करताना पाहिलेलं, ती थोडा वेळ एलिझाशी बोलल्यावर त्यालाच म्हणाली, जरा बाहेर जाता का. माणूस हादरला. 1976 मधे त्यानं पुस्तक लिहिलं आणि सांगितलं की काही कामं कॉम्प्युटरला जमली तरी त्याच्याकडं देऊ नयेत. त्याच्याही आधी 1950 मधे नॉर्बर्ट वीनर ह्या गणितज्ञानं यंत्रांच्या हाती निर्णय सोपवण्याबद्दल सावध केलेलं. तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते कंपन्यांचं पितळ उघडं पडायला लागल्यावर. ॲमेझॉननं बायोडाटा चाळायला एक टूल बनवलं होतं, दहा वर्षांचे जुने अर्ज खायला घातले, त्यात पुरुषच जास्त, मग टूल अर्जात "विमेन्स" शब्द दिसला की मार्क कमी करायला लागलं. शेवटी ते गुंडाळलं, बातमी 2018 च्या ऑक्टोबरात फुटली. त्याच वर्षी जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू ह्या दोन संशोधक बायकांनी चेहरा बघून बाई की पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअरं तपासली. गोऱ्या पुरुषांत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के, सावळ्या-काळ्या बायकांत 34.7 टक्क्यांपर्यंत. आपल्याकडं मशीनवर चेहरा दाखवून हजेरी लावणाऱ्या कारखान्यांनी हा आकडा नोटिसबोर्डावर लावावा असं मला वाटतं.

मग 2019 ला तत्त्वांचा पाऊसच पडला. एप्रिलमधे युरोपियन कमिशनच्या तज्ज्ञगटाचे सात मुद्दे, मेमधे ओईसीडी ह्या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची तत्त्वं, 2021 च्या नोव्हेंबरात युनेस्कोच्या 193 देशांची शिफारस. आपल्या नीती आयोगानं 2021 च्या फेब्रुवारीतच स्वतःची सात तत्त्वं काढली होती.

पण कागदावर तत्त्वं आणि तिकडं हॉलंडमधे बघा, बालसंगोपन भत्त्यात फ्रॉड पकडायच्या नादात करखात्यानं सॉफ्टवेअर वापरून, लोकांच्या नागरिकत्वावरूनही संशय धरून हजारो कुटुंबांना कर्जात ढकललं, 2021 च्या जानेवारीत सरकारला राजीनामा द्यावा लागला. आणि हॉलंड लांब वाटत असेल तर तेलंगणा घ्या, सोलापूरच्या पूर्वभागातल्या कितीतरी तेलुगू घरांचे पाहुणे तिकडंच आहेत. तिथं "समग्र वेदिका" नावाची सिस्टिम वेगवेगळ्या खात्यांचा डेटा जुळवून रेशनला पात्र कोण ते सांगायची. एका गरीब बाईचा नवरा रिक्षावाला, पण त्याचं नाव दुसऱ्या एका कारमालकाशी जुळवलं गेलं आणि घरात कार आहे म्हणून रेशन नाकारलं. लाखो कार्डं रद्द झाली होती, 2022 मधे सुप्रीम कोर्टानं प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करायला सांगितलं. म्हणजे शेवटी माणूसच पाठवावा लागला की.

आता कायद्याचं. युरोपात जीडीपीआर ह्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 22 प्रमाणं, मोठा परिणाम करणारा निर्णय नुसत्या मशीननं घेतला असेल तर काही अपवाद सोडून माणसाकडून तपासून मागता येतो, आणि तिथल्या एआय कायद्यानं फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या जागी कामगाराच्या भावना ओळखणारी सिस्टिम काही अपवाद वगळता बंद केलीय. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम 22 सारखा हक्क नाही. नोव्हेंबर 2025 मधे केंद्रानं एआय गव्हर्नन्सच्या गाइडलाइन्स काढल्या, सात सूत्रं, त्यात "माणूस आधी" आहे आणि "बंधनांपेक्षा नवनिर्मिती" पण आहे, दोन्हीत भांडण झालं तर कोण जिंकणार ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. शिवाय गाइडलाइन्स आहेत, सक्ती नाही.

त्यामुळं आज पतसंस्थेनं एखाद्या यंत्रमागवाल्याचं कर्ज स्कोअर बघून नाकारलं तर त्याला कारण कुणी सांगायचं, किती दिवसात, आणि निर्णय फिरवायचा अधिकार मॅनेजरला आहे की नाही, हे त्या संस्थेच्या संचालक मंडळानं ठराव करून लिहिलं तरच लिहिलं जाणार. सॉफ्टवेअर विकणारा ते लिहून देत नाही, त्याच्या करारात फक्त सपोर्टचा नंबर असतो.