दृष्टिपटल घडताना मरणाऱ्या पेशी: शोधाची पार्श्वभूमी

सोलापुरात कोंबडीच्या गर्भाचं प्रॅक्टिकल उन्हाळ्याच्या तोंडावर आलं की पहिली धास्ती तापमानाची असते. अंड्यांना 37-38 अंश लागतात आणि बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे डोळ्याच्या छेदात, एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या पेशींमध्ये आक्रसलेले, काळपट ठिपके दिसले की विद्यार्थी म्हणतात, "सर, याला ऊन बाधलं." शंका रास्त आहे. पण इन्क्युबेटर अगदी चोख चालला तरी हे ठिपके दिसतात. त्या पेशी ठरल्या वेळी, ठरल्या जागी मरत असतात.

हे सगळ्यांच्या गळी उतरायला शंभरावर वर्षं गेली. 1842 मध्ये कार्ल फोग्टने बेडकाच्या एका जातीत वाढत्या गर्भातल्या पेशी नाहीशा होताना पाहिल्या. 1885 मध्ये वाल्टर फ्लेमिंगने अंडाशयातल्या पेशींच्या केंद्रकाचे तुकडे होताना टिपले. मात्र फ्लेमिंगचं नाव झालं ते पेशीविभाजनासाठी. गर्भ म्हणजे वाढ, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की मृत्यूकडे कुणी फारसं वळलं नाही.

वळला तो केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेतला आल्फ्रेड ग्लुक्समन. माझ्या मते त्याला मिळालेलं श्रेय फारच तोकडं आहे. 1940 मध्ये त्याने बेडकाच्या पिलाच्या डोळ्याची वाढ तपासली आणि पेशींचा मृत्यू हा त्या वाढीचाच भाग असल्याचं दाखवलं. 1951 मध्ये त्याने पृष्ठवंशी प्राण्यांच्या गर्भांतली अशी उदाहरणं एकत्र मांडली. मरणारी पेशी काही तासच दिसते, मग शेजारची पेशी किंवा मॅक्रोफेज (शरीरातला कचरा गिळणारी पेशी) तिला गिळून टाकते. म्हणून एका स्लाइडवर चारदोनच ठिपके दिसले, तरी दिवसांच्या हिशेबाने मेलेल्या पेशी असंख्य असू शकतात.

हा हिशेब पुढे मोजणीने पटला. कोंबडीच्या गर्भात अकराव्या दिवसाच्या सुमारास दृष्टिचेतेत, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेत, साधारण 40 लाख तंतू असतात (दृष्टिपटलातल्या एकेका गँग्लिऑन पेशीचा एकेक), अठराव्या दिवशी उरतात 24 लाखांच्या आसपास. माणसाचा आकडा तर चक्रावून टाकतो. 1985 मध्ये प्रोविस आणि सहकाऱ्यांनी मानवी गर्भात सोळा-सतराव्या आठवड्याला सुमारे 37 लाख तंतू मोजले. तिसाव्या आठवड्याच्या सुमारास ते 11 लाखांवर येतात.

इतक्या पेशी आधी तयारच का व्हाव्यात? 1949 मध्ये हॅम्बर्गर आणि रीटा लेव्ही-मोंतालचिनी यांनी मज्जारज्जूजवळच्या चेतापेशींवर काम करून दाखवलं, की चेतापेशी जगणार की मरणार हे ती जिथे पोहोचते त्या भागावर ठरतं. दृष्टिपटलातही, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातही, तसंच निघालं. कोंबडीच्या गर्भात मेंदूतला दृष्टीचा भाग काढून टाकला, की दृष्टिपटलातल्या गँग्लिऑन पेशी मोठ्या प्रमाणात मरतात. 1986 मध्ये बीडीएनएफ हे प्रथिन दिल्यावर उंदराच्या अशा पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत तगून राहिल्या.

पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात, आणि ते मला खटकतं. गर्भात डोळा सुरुवातीला पेल्यासारखा असतो; तो पेला नुकता आकार घेत असताना, मेंदूशी एकही तंतू जोडला गेलेला नसतानाही पेशी मरतात. पोहोचायच्या जागेवर जगणं-मरणं ठरतं, हे स्पष्टीकरण इथे लागूच होत नाही. या आधीच्या मृत्यूकडे बराच काळ दुर्लक्ष झालं.

मृत्यूची यंत्रणा मात्र डोळ्यात सापडली नाही. 1972 मध्ये कर, वायली आणि करी यांनी आक्रसून, तुकडे होऊन मरण्याच्या या रीतीला अपोप्टोसिस म्हटलं. 1986 मध्ये एलिस आणि हॉर्विट्झ यांनी एका सूक्ष्म गोलकृमीत त्यासाठी लागणारी जनुकं दाखवली. त्या कृमीवरच्या कामाला 2002 चं नोबेल मिळालं.

हीच यंत्रणा मोठेपणी पुन्हा जागी होऊ शकते. काचबिंदूत गँग्लिऑन पेशी अपोप्टोसिसने मरतात, हे माकडांवरच्या प्रयोगांतून 1995 मध्ये पुढे आलं. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. घरोघरच्या आजी-आजोबांना रोज घालावे लागणारे थेंब डोळ्यातला दाब कमी करतात, ते उरलेल्या पेशी टिकाव्यात म्हणून.