काखेतला काळा डाग

भाद्रपद लागला की विदर्भातल्या दवाखान्यांचे बाक तापाच्या पेशंटनी भरून जातात. सोयाबीन शेंगांवर आलेलं असतं, धान निसवायच्या बेतात असतं आणि धुऱ्यांवर कमरेएवढं गवत माजलेलं असतं. पाच दिवस ताप हटत नाही म्हणून तालुक्याला आणलेल्या एखाद्या बाईची फाइल उघडून बघा. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइडची 'विडाल' तपासणी मात्र किंचित पॉझिटिव्ह. मग काय, टायफॉइड निघाला! सलाइन लागतं, सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शनं सुरू होतात. ताप तसाच. आठव्या दिवशी धाप लागते, प्लेटलेट उतरलेल्या असतात, मूत्रपिंडांचा त्रास दाखवणारं क्रिएटिनिन चढलेलं असतं आणि पेशंटला मोठ्या दवाखान्यात हलवावं लागतं. तिथे एखादी जाणती डॉक्टर पदर बाजूला करून काखेत बघते, तर मसुराएवढी काळी खपली. दुखत नाही, खाजत नाही, विडीचा चटका बसावा तशी दिसते.

त्या खपलीला डॉक्टर 'एशर' म्हणतात आणि त्या आजाराला स्क्रब टायफस. ही बाई मी कल्पून लिहिली आहे, पण अशा फायली खोट्या नाहीत. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाची साथ आली, तेव्हा कुठे मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर हे नाव झळकलं. तोवर बहुतेकांनी ते ऐकलंही नव्हतं. त्याचं औषध, डॉक्सिसायक्लिन, मात्र गावच्या मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळतं. माझी सगळी तक्रार इथेच आहे. खुणेची खपली अंगावर, औषध कोपऱ्यावरच्या दुकानात, आणि मध्ये आठ दिवस वाया गेलेले.

या गोंधळाला नावाचा घोळही कारणीभूत आहे. टायफस आणि टायफॉइड ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, प्रत्यक्षात त्यांचं काही नातं नाही. ग्रीक भाषेत 'टायफोस' म्हणजे धूर, धुकं. तापात भ्रमिष्ट झालेल्या, डोळ्यांवर झापड आलेल्या रोग्यासाठी हा शब्द वापरला गेला, आणि असा भ्रम दोन्ही तापांत होतो. टायफॉइड या शब्दाचा अर्थच 'टायफससारखा'. हे दोन वेगळे रोग आहेत असं 1837 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विल्यम गेरहार्ड यांनी शवविच्छेदनांवरून दाखवून दिलं. टायफॉइडमध्ये आतड्यांत व्रण होतात, टायफसमध्ये होत नाहीत. टायफॉइडचा, म्हणजे आपल्या विषमज्वराचा, जंतू दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातो. टायफसचे जंतू कुठल्या ना कुठल्या बारीक किड्याच्या मदतीने कातडीतून शिरतात.

हा घोळ इतका चिवट की नेपोलियनच्या सैन्यालाही तो सुटलेला नाही. 1812 साली रशियातून माघार घेणारं ते सैन्य थंडी आणि भुकेइतकंच टायफसने मेलं, असं आपण वाचत आलो. 2001 साली लिथुएनियातल्या व्हिल्नियसमध्ये त्या सैनिकांची सामूहिक दफनभूमी सापडली. त्यांच्या दातांतून काढलेल्या डीएनएमध्ये 2006 साली टायफसच्या जंतूच्या खुणा मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. मग 2025 साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी तिथल्याच आणखी 13 सैनिकांचे दात नव्या तंत्राने तपासले. त्यांत टायफस सापडलाच नाही. सापडला टायफॉइडचा भाऊबंद पॅराटायफॉइड, आणि उवांमुळे होणारा उलटून येणारा ताप. दोनशे वर्षांनीही टायफस की टायफॉइड हा वाद संपलेला नाही!

खरा, मूळचा टायफस उवांचा. तो उवांमुळे होतो हे शोधून काढलं ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक शार्ल निकोल यांनी, 1909 साली. त्यांना सुचलं ते इस्पितळाच्या दारात. दारापर्यंत टायफसचे रोगी इतरांना रोग देत; रोग्यांचे कपडे उतरवून घेणाऱ्या माणसांनासुद्धा लागण होई. पण आंघोळ घालून, कपडे बदलून वॉर्डात नेल्यावर तोच रोगी शेजारच्या खाटेवरच्याला काही करत नसे. म्हणजे जे काही होतं ते कपड्यांबरोबर दाराबाहेर राहत होतं. मग त्यांनी माकडांवर प्रयोग करून उवांवर बोट ठेवलं. 1928 साली त्यांना नोबेल मिळालं.

ऊ चावते तेव्हा जंतू सोडत नाही. तिच्या विष्ठेत जंतू असतात आणि माणूस खाजवून खाजवून ते स्वतःच कातडीत चोळून घेतो. तापलेलं अंग उवांना मानवत नाही, म्हणून त्या शेजारच्या गार अंगावर जातात. तुरुंगात, छावणीत, आगबोटीच्या तळघरात शेजारी हातभरावर असतोच. गंमत म्हणजे हा जंतू बिचाऱ्या उवेलाही मारतो. तिचं आतडं फुटतं आणि ती लाल होऊन मरते. इथे पालकांसाठी एक खुलासा करायला हवा. हा टायफस पसरवणारी ऊ अंगावरची, कपड्यांच्या शिवणीत राहणारी असते. शाळेतून मुलीच्या डोक्यात उवा आल्या तर फणी घ्या, टायफसची धास्ती घेऊ नका.

या जंतूंच्या शोधाने माणसं खाल्ली. अमेरिकेचे हॉवर्ड रिकेट्स 1910 साली मेक्सिकोत टायफसचा अभ्यास करताना टायफसनेच गेले. स्टॅनिस्लाउस फॉन प्रोवाझेक 1915 साली जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेले. त्यांच्याबरोबर आजारी पडलेले ब्राझीलचे हेन्रिक दा रोशा लिमा वाचले, आणि त्यांनी 1916 साली जंतूला दोघांचं नाव दिलं: रिकेट्सिया प्रोवाझेकी.

दुसरा टायफस उंदरांवरच्या पिसवांचा. 1896 साली ज्या जातीच्या पिसवांनी मुंबईत प्लेग पसरवला, तीच पिसू हा टायफसही वाहते. तो सहसा सौम्य असतो, म्हणून त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. कुत्र्यांच्या गोचिडांमुळे होणारा आणखी एक नातेवाईक भारतात आहे. त्यात तळहातांवर आणि तळपायांवरसुद्धा पुरळ येतं, आणि ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्यातला माकडतापही गोचिडांचाच, पण तो विषाणूचा आजार. त्याला टायफसची औषधं चालत नाहीत.

आपल्या धुऱ्यावरचा टायफस तिसरा. 'स्क्रब' म्हणजे झुडपं. विदर्भात तर महसुली दप्तरातच 'झुडपी जंगल' अशी जमिनीची वेगळी वर्गवारी आहे. या टायफसचा जंतू वाहणारा माइट कोळी-गोचिडांच्या गोतातला. त्याचा मोठेपणीचा मुक्काम मातीत, आणि तिथे तो माणसाच्या वाटेला जात नाही. उपद्रवी असतं ते त्याचं पिल्लू, त्याला चिगर म्हणतात. मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं, सहा पायांचं, नारिंगी-तांबूस. नुसत्या डोळ्यांना दिसेल न दिसेल असं. आयुष्यात एकदाच त्याला गरम रक्ताच्या प्राण्याचं जेवण लागतं, म्हणून ते गवताच्या पात्यावर उंदीर-चिचुंद्रीची वाट बघत बसतं. उंदराऐवजी निंदणीला आलेल्या बाईचा पाय लागला तर तोही चालतो. ते रक्त पीत नाही. कातडीत लाळ सोडून विरघळलेल्या पेशींचा रस शोषतं. चावा कळतही नाही. आणि उवांच्या टायफससारखा हा माणसाकडून माणसाला पसरत नाही.

जंतूचा खरा साठा उंदरातही नाही, तो माइटमध्येच आहे. मादीकडून अंड्यांत, अंड्यांतून पिल्लांत असा तो पिढ्यान्‌पिढ्या वारशाने जातो. म्हणून गावातले सगळे उंदीर मारले तरी रोग मुळापासून जाईल असं नाही. उलट उंदीर एकाएकी नाहीसे झाले तर उपाशी चिगरांना माणूसच उरतो. गवत कापणं हा त्याहून शहाणपणाचा उपाय आहे.

जपानमधल्या निगाता, यामागाता, अकिता भागांतल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना हा किडा शतकानुशतकं ठाऊक होता. जंतूचं आजचं नाव, ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी, तिथूनच आलं. 'त्सुत्सुगा' म्हणजे व्याधी आणि 'मुशी' म्हणजे किडा. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दोन्ही बाजूंच्या सैनिकांना या तापाने लोळवलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही त्याच रानात लढत होत्या.

युद्ध संपल्यावर औषध शोधायला अमेरिकेचे जोसेफ स्मॅडेल आणि त्यांचे सहकारी 1948 साली क्वालालंपूरला गेले. व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं क्लोरॅम्फेनिकॉल त्यांनी स्क्रब टायफसच्या रोग्यांना दिलं, आणि रोगी एक-दोन दिवसांत उठून बसू लागले. त्यांतल्या काहींना नंतर कळलं तसं स्क्रब टायफस नव्हताच, टायफॉइड होता. तेही बरे झाले! टायफॉइडवरचं पहिलं परिणामकारक औषध असं निदान चुकल्यामुळे हाती लागलं. त्या चुकीने लाखो जीव वाचवले. आज आपण करतो ती चूक नेमकी उलटी, आणि ती जीव घेते.

घेते कशी ते बघू. ओरिएन्शिया आणि त्याचे भाऊबंद रक्तात मोकळे फिरत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींत शिरून ते तिथेच वाढतात. अस्तर गळकं झालं की फुप्फुसात पाणी, मेंदूला सूज, मूत्रपिंडं निकामी. परक्या पेशीत फुकट राहायची त्यांना इतकी सवय झाली आहे की पेशीबाहेर त्यांना जगता येत नाही. 1998 साली रिकेट्सिया प्रोवाझेकीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात प्रथिनं बनवणारी जेमतेम 834 जनुकं निघाली. आणि जिवाणूंच्या जगात आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा सगळ्यात जवळचा नातलग तेव्हा हाच ठरला. कोट्यवधी वर्षांपूर्वी असाच एक पाहुणा पेशीत शिरला आणि घरचा झाला. हे मात्र अजून घुसखोरच आहेत.

पेनिसिलिन आणि सेफ्ट्रियाक्सोनच्या घराण्यातली औषधं जिवाणूची भिंत पाडतात. या जंतूंची भिंत नावापुरतीच, शिवाय ती औषधं आपल्या पेशींच्या आत फारशी पोचत नाहीत. म्हणजे टायफॉइड समजून दिलेलं महागडं इंजेक्शन दाराबाहेरच उभं राहतं. डॉक्सिसायक्लिन मात्र पेशीत शिरतं आणि जंतूचा प्रथिनं बनवण्याचा कारखाना बंद पाडतं. मोठ्या माणसाला 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण आठवडाभर. वेळेवर दिलं तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. या टेट्रासायक्लिन घराण्याचं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, 1948 सालीच अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीतून बाहेर आलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. डॉक्सिसायक्लिनने लहान मुलांचे दात पिवळे पडतात ही भीती जुनी आहे. थोड्या दिवसांच्या उपचारात तसं होत नाही असं आता दिसून आलं आहे. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन देतात.

मग रक्ताच्या तपासणीचं काय? विडालची अडचण अशी की जिथे टायफॉइड घरोघरी होऊन गेला आहे, तिथे कित्येक धडधाकट माणसांच्या रक्तातही ती थोडीफार पॉझिटिव्ह येते. टायफसची जुनी तपासणी म्हणजे वाइल-फेलिक्स, 1916 सालची. टायफसच्या रोग्याचं रक्त प्रोटिअस नावाच्या भलत्याच जिवाणूच्या गुठळ्या करतं, एवढ्याच योगायोगावर ती उभी आहे. या योगायोगाचा सुंदर उपयोग नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये दोन डॉक्टरांनी करून घेतला. युजेनियुश वाझोव्स्की आणि स्टॅनिस्वाव माटुलेविच यांनी रोझवाडूव परिसरातल्या लोकांना मेलेल्या प्रोटिअसची इंजेक्शनं दिली. लोक ठणठणीत, पण तपासणी पॉझिटिव्ह! टायफसची साथ समजून जर्मन तिथे फिरकायचे टाळू लागले. आपल्याकडच्या लहान प्रयोगशाळांत अजूनही हीच तपासणी होते. तिच्यापेक्षा रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी एलायझा बरी. पण जंतूशी लढणारी ही प्रतिपिंडं अंगात तयार व्हायला आठवडा लागतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी एलायझाही 'नाही' म्हणू शकते. जंतूचा डीएनए शोधणारं पीसीआर लवकर सांगतं, पण ते सगळीकडे मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात शेतातून आलेला, कारण न सापडणारा पाच दिवसांचा ताप असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू करण्याकडे जाणत्या डॉक्टरांचा कल असतो.

गोरखपूरने हे किंमत मोजून शिकवलं. तिथे दर पावसाळ्यात मेंदूज्वराने शेकडो मुलं दगावत. दोष जपानी मेंदूज्वराच्या विषाणूला दिला जाई. लस आली, त्या विषाणूच्या केसेस कमी झाल्या, पण मुलं आजारी पडतच राहिली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेसह अनेक संस्था वर्षानुवर्षं तिथे कारण शोधत होत्या. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा मुलांपैकी सुमारे 60 टक्के मुलांच्या रक्तात ओरिएन्शियाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. त्यानंतर ताप मेंदूपर्यंत जायच्या आत, प्राथमिक आरोग्य केंद्रातच, औषध द्यायचं धोरण आलं.

उपचारच मिळाले नाहीत तर शंभरात साधारण सहा रोगी दगावतात असा ढोबळ अंदाज आहे. ठिकाणानुसार तो पुष्कळ बदलतो. गंभीर रोग्यांसाठी 2023 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. सात भारतीय इस्पितळांतले सुमारे 800 रोगी त्यात होते. मृत्यू, न हटणारी गुंतागुंत किंवा न उतरणारा ताप यांपैकी काहीतरी एकट्या डॉक्सिसायक्लिनवर 47 टक्क्यांना, एकट्या ॲझिथ्रोमायसिनवर 48 टक्क्यांना आणि दोन्ही शिरेतून एकत्र दिल्यावर 33 टक्क्यांना झालं. मृत्यूंचा आकडा मात्र तीन गटांत ठळक वेगळा नव्हता. अतिदक्षता विभागात पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. लस अजून नाही. जंतूचे वाण इतके आहेत की एकदा आजार होऊन गेलेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो.

राहता राहिली खपली. चिगर चावल्यापासून ताप यायला सहसा दहा-बारा दिवस जातात, तोवर ती तयार झालेली असते. सगळ्यांना येत नाही, आणि सावळ्या रंगावर पटकन दिसत नाही. काख, जांघ, स्तनांखाली, परकराची नाडी बांधतो तिथे, कानामागे, लहान मुलांच्या केसांत बघावं लागतं. घामाने ओल्या जागी ती काळी न होता पिवळट फोडासारखीही राहते. गर्दीच्या ओपीडीत पदर-शर्ट बाजूला करून एवढं बघायला डॉक्टरला वेळ नसतो आणि पेशंटला संकोच वाटतो. मग हे काम घरातच करावं. तापाच्या माणसाचं अंग पुसून काढताना, चांगल्या उजेडात. सापडली तर डॉक्टरांना दाखवावी, आणि दहा-बारा दिवसांपूर्वी आपण कुठल्या धुऱ्यावर गवत कापायला बसलो होतो तेही सांगावं.