घाट चढून आलेलं मीठ

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात रत्नागिरीहून मासळी आणणारा टेंपो उभा होता. हौद्यात स्टेनलेस स्टीलचा पत्रा, तो अॅल्युमिनियमच्या रिव्हेटांनी बसवलेला. पत्रा ताटासारखा चकचकीत. रिव्हेटांच्या जागी मात्र पांढरी भुकटी आणि रिकामी भोकं. मिस्त्री म्हणाले, "माल हलका वापरलाय." मला ते पटलं नाही. रिव्हेट चांगलेच होते, त्यांची सोबत चुकली होती.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर खारं पाणी पसरलं, की तिथे बॅटरी तयार होते. व्होल्टाने १८०० साली जस्त, चांदी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा यांची चळत रचून वीज मिळवली, तोच हा प्रकार. फरक एवढाच, की ही बॅटरी कुणी मुद्दाम केलेली नसते आणि तिच्यातला एक धातू गुपचूप खर्ची पडत असतो. खाऱ्या पाण्यात जस्त आणि अॅल्युमिनियम आधी झिजतात, मग लोखंड. तांबं-पितळ बरंच टिकतं, स्टेनलेस त्याहून जास्त.

पण खरी मेख आकारात आहे. टिकणारा धातू मोठा आणि झिजणारा लहान असेल, तर सगळ्या पत्र्यामुळे होणारी झीज त्या एवढ्याशा रिव्हेटावर येते. उलट, अॅल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्याला स्टेनलेसचे बोल्ट असले, तर बोल्टाच्या कडेने थोडी झीज होते, पण जोड बराच काळ तग धरतो. रंगाचंही तसंच. झिजणाऱ्या धातूलाच रंग दिला आणि त्यावर एक ओरखडा उठला, तर सगळी झीज त्या ओरखड्यात एकवटते. म्हणून रंग दोन्ही धातूंना द्यावा. एकालाच द्यायचा झाला तर टिकणाऱ्याला.

गाडी गगनबावडा चढून कोल्हापुरात आली की समुद्र मागे राहिला, असं आपण धरून चालतो. मीठ मात्र सोबत येतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवा याहून दमट असते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. त्याला साधारण ३३ टक्के पुरतात. त्यामुळे पाऊस संपला तरी फटींत ओल टिकते.

म्हणून कोकणातून आल्यावर गाडी खालून, चासीच्या कोपऱ्यांसकट, गोड्या पाण्याने धुवावी. पंचगंगेत नव्हे, सर्व्हिसिंग सेंटरवर. गाडीचं तेल-ग्रीस नदीत जायला नको. पाणी निघायची भोकं चिखलाने बुजू देऊ नयेत. सांध्यात ग्राफाइटचं ग्रीस टाळावं, कारण ग्राफाइट स्वतःच टिकणाऱ्या धातूसारखं वागतं. ओल धरून ठेवणारा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी, तीही तिथे नको.

त्या टेंपोला आता स्टेनलेसचेच रिव्हेट बसलेत. पत्रा लोखंडी चासीला जिथे टेकतो तिथे मिस्त्रींनी नायलॉनची पट्टी घातली, आणि बोल्टांना नायलॉनचे वायसर; नुसते खाली नाही, भोकाच्या आतून नळीसुद्धा, म्हणजे बोल्टाचा आटा पत्र्याला कुठेच शिवणार नाही.