दिवाळीनंतर हिरवी होणारी काच

दादरच्या आमच्या घरी दक्षिणेच्या खिडकीपासून चार फुटांवर दोन फुटी फिशटँक आहे. त्यात गप्पी मासे, थोड्या चेरी कोळंब्या, आणि वॅलिस्नेरिया, जावा मॉस, लाकडाला बांधलेलं अनुबियास या पाणवनस्पती. पावसाळाभर काच लख्ख असते. दिवाळी सरली की मात्र तिच्यावर शेवाळाचा हिरवा लेप चढू लागतो आणि अनुबियासच्या पानांच्या कडांना काळी लव फुटते. दोन वर्षं हे अगदी ठरल्यासारखं झालं. दिवा तोच होता, खाणं तेवढंच, मासेही तेवढेच. मी टाकीत कारण शोधत बसलो होतो आणि कारण आकाशात होतं.

मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून भर दुपारी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. त्यातून आभाळ भरलेलं. पुढे तो दक्षिणेकडे सरकत जातो आणि 21-22 डिसेंबरला माध्यान्हीही क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवरच असतो. हे तिरकं ऊन छज्जाखालून थेट टाकीवर येतं. थेट उन्हाची तीव्रता 1 लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास जाते, घरातला उजेड काहीशे लक्सचा. मी दिवा सहा तासच लावत होतो आणि वरून सूर्य रोज दोन तासांची भर घालत होता.

मग जास्त उजेडात वनस्पतीच का फोफावल्या नाहीत? कारण त्यांची अडचण उजेडाची नव्हतीच. प्रकाशसंश्लेषणाला कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. पानाला चिकटून पाण्याचा एक जवळजवळ स्थिर थर असतो, तो ओलांडून वायू आत शिरेपर्यंत पान उपाशीच राहतं. काही वनस्पती पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून (कार्बन असलेला एक क्षार) तो कार्बन मिळवून भागवतात, वॅलिस्नेरिया त्यांतलीच. पण मुंबईच्या नळाला येणारं तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी म्हणजे बेसॉल्टच्या काळ्या खडकावरून आलेलं पावसाचं मृदू, कमी क्षारांचं पाणी, त्यात बायकार्बोनेटही बेताचंच. (तुमच्या इमारतीत बोअरवेलचं पाणी येत असेल तर हे चित्र वेगळं असेल.) शेवाळाचा धागा मात्र एकेका पेशीचा, चहूबाजूंनी पाण्याला भिडलेला. तेवढ्याशा वायूवरही तो वाढतो. उरलेला उजेड त्याच्या वाट्याला जातो.

म्हणून शेवाळ दिसलं की आधी उजेड कमी करावा, औषध आणायला धावू नये. तांबं असलेल्या शेवाळनाशकांनी कोळंब्या आणि गोगलगाई मरतात. शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच. मुंबईच्या उकाड्यात मासे सकाळी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर समजावं की एवढासुद्धा उरलेला नाही.

सगळं शेवाळ एकाच जातीचं नसतं. नव्या टाकीतला तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म, एकपेशीय शेवाळाचा असतो. तो बोटाने पुसला जातो आणि बहुधा महिन्या-दोन महिन्यांत आपोआप कमी होतो. निळसर हिरवा, वास मारणारा, साय धरल्यासारखा पापुद्रा हे तर शेवाळच नव्हे, ते जिवाणू आहेत. त्यांच्यासाठी पाण्यात प्रतिजैविकं ओतणं मला साफ नामंजूर आहे. तो पापुद्रा नळीने ओढून घ्यावा आणि टाकी तीन दिवस पूर्ण झाकून ठेवावी. आणि ती काळी लव? ती लाल शेवाळांच्या कुळातली. एक झुबका स्पिरिटमध्ये टाकून ठेवा. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये विरघळतं, मागे प्रथिनाशी जखडलेलं लाल रंगद्रव्य उरतं आणि झुबका लालसर दिसू लागतो. माझ्या भाचीने हे पाहिलं तेव्हा ती अर्धा तास बाटलीसमोरून हलली नाही.

मी टाकीच्या खिडकीकडच्या बाजूला काळा कार्डपेपर लावला, दिव्याला टायमर जोडला आणि मूठभर हायड्रिला सोडला, शाळेच्या प्रयोगात बुडबुडे सोडणारा तोच. झपाट्याने वाढणारी वनस्पती माशांच्या कल्ल्यांतून येणारा अमोनिया शोषून घेते. नव्या टाकीत हे काम करणारे जिवाणू जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात, तोवर तर असा हायड्रिला हवाच. पिवळी पानं मी लगेच कापतो, आठवड्याला एक बादली पाणी बदलतो. नव्या पाण्यात क्लोरिन मारणारे थेंब घालायला विसरत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. शेवाळ खातो म्हणून दुकानात बोटाएवढा सकर मासा सहज गळ्यात मारला जातो. तो फूटभराहून मोठा होतो. दोन फुटी टाकीत त्याला धड वळताही येत नाही, मग लोक त्याला तलावात सोडतात. मूळ दक्षिण अमेरिकेचा, अंगावर हाडांचं चिलखत असलेला हा मासा आपल्या पाण्यात स्थानिक माशांचं अन्न आणि जागा बळकावतो, कोळ्यांची जाळी फाडतो. कृपा करून आणू नका, आणलाच असेल तर सोडू नका.

या डिसेंबरात समोरची काच स्वच्छ राहिली. मागच्या काचेवरचा हिरवा थर मी मुद्दाम खरवडला नाही. दुपारी कोळंब्या तिथेच चरत असतात.