ब्रेक गेला नव्हता, पाय गेला होता

पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर वावरातून थेट डांबरीवर येतो आणि टायरच्या खाचांतली काळी माती रस्त्यावर सांडत जातो. वरून एखादी सर पडली की त्या मातीचा साबण होतो. मांजरसुंबा घाट उतरल्यावर अशाच पट्ट्यावर माझ्यापुढे म्हैस आली. मी जोरात ब्रेक मारला तर पेडल पायाखाली खडखडायला लागलं. ब्रेक तुटला असं वाटून मी घाबरून पाय उचलला. म्हैस वाचली ती तिच्याच शहाणपणानं. बीडच्या मिस्तरीनं ऐकून घेतलं आणि हसला. "साहेब, ते एबीएस होतं, चाक जाम होऊ न देणारं. पाय काढायचा नव्हता."

गाडीला थांबवतो तो रस्ता, ब्रेक फक्त चाकाला आवरतो. टायर आणि रस्ता यांची गाठ पडते ती जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. चाक जाम होऊन फरपटलं की तिथली पकड कमी होते, आणि त्याहून वाईट म्हणजे ते वळायचंही सोडतं. स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर जाते. पकड सगळ्यांत चांगली असते ती चाक फिरत असताना थोडंसं, साधारण १० ते २० टक्के, घसरतं तेव्हा. म्हणजे गाडी ८० च्या वेगात असेल तर चाक ६४ ते ७२ च्या हिशेबानं फिरायला हवं. हे पायानं साधणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. जुने ड्रायव्हर ब्रेक तोडून-तोडून मारायचे, तो याच दिशेचा प्रयत्न.

एबीएसमध्ये प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकी कड्यावरून तो वेग मोजतो. एखादं चाक अचानक मंदावलं, की संगणक त्याच चाकाच्या ब्रेक ऑइलचा दाब व्हॉल्व्ह उघडून उतरवतो, चाक सुटलं की पुन्हा चढवतो. सेकंदात अनेकदा. पंप ऑइल परत ढकलतो, त्याचा धक्का पेडलवर येतो, तीच ती खडखड. १९७८ मध्ये बॉश या जर्मन कंपनीनं चारचाकीसाठी आणलेली ही युक्ती आपल्याकडे २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीची आहे.

सुट्या मुरमावर मात्र तिचा तोटा होतो. तिथं जाम चाक पुढं खडीचा ढीग रचतं आणि त्यालाच अडकतं. एबीएस तो रचू देत नाही, म्हणून गाडी थोडी लांब जाऊन थांबते.

ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक जागीच गरगरू न देणारी यंत्रणा, हेच सेन्सर उलट्या कामाला लावते. रस्त्याच्या कडेला गाडी घेतली, एक चाक काळ्या चिखलात गेलं की ते गरगर फिरतं आणि डांबरावरचं चाक गप्प बसतं. इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरेन्शियलचा स्वभावच तसा, दोन्ही चाकांना जोर सारखाच, पण कमजोर पकडीचं चाक जेवढा पेलेल तेवढाच. संगणक गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो आणि इंजिनाची ताकदही कमी करतो. चाक अडलं की डिफरेन्शियल दुसऱ्या चाकालाही जोर देतं आणि गाडी बाहेर येते. दोन्ही चाकं खोल चिखलात असतील तर मात्र इंजिन दबून जातं. अशा वेळी डॅशबोर्डवरचं बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावं, चाकं थोडी फिरू द्यावीत, म्हणजे खाचांतला चिखल उडून जातो.

धुताना सेन्सरची तार तुटली तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तेव्हा ब्रेक साधेच लागतात, खडखड नसते, आणि जोरात मारले तर चाकं जाम होऊ शकतात.